अठरा अंश उजवीकडे

सोमवार, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. रुग्णालयाच्या नव्या इमारतीत फरशी पुसायला अजून कोणी आलेले नव्हते. तळमजल्यावर व्हरांडा जिथे डावीकडे आणि उजवीकडे फुटतो, तिथल्या भिंतीसमोर स्टुलावर उभे राहून तिरपे पेंटर ‘क्ष-किरण’ या शब्दातल्या वेलांटीला शेवटचा हात देत होते. पाटी आदल्या संध्याकाळीच लागली होती आणि काम संपले होते. पण घरी गेल्यावर त्यांना वाटत राहिले की वेलांटी पुरेशी पुढे झेपावत नाही. खरे तर ती शेजारच्या दोन अक्षरांच्या डोक्यावरून उडी मारून आधीच पाटीच्या काठाला पोचली होती. आणखी झेपावली असती तर थेट भिंतीवर उतरली असती.

तिरपे हे त्यांचे आडनाव नाही. एकोणचाळीस वर्षे एकाच तिरप्या अक्षरात पाट्या रंगवल्यामुळे ते चिकटले आणि खरे आडनाव आता फक्त विजेच्या बिलावर उरले आहे. ‘श्री. तिरपे’ एवढ्याच पत्त्यावर आलेली पत्रे पोस्टमन विनातक्रार आणून देतो. ते स्वतःही आता त्याच हाकेला ओ देतात.

त्या अक्षराची नीट ओळख करून घ्यायला हवी. अक्षर जाड आहे. त्यातली उभी रेघ अंगठ्याएवढी रुंद आणि तिला जोडणारे वळण केसाएवढे बारीक. त्यामुळे लांबून नुसते खांब दिसतात, मधला मजकूर हवेत विरतो. प्रत्येक खांबाच्या तळाशी एक छोटे, टोकदार पाऊल पुढे आलेले असते. छापखान्यातली माणसे त्याला सेरिफ म्हणतात, तिरपे ‘बूट’ म्हणतात. बूट नसलेले अक्षर त्यांना अनवाणी वाटते. आणि हे बूट घातलेले सगळे खांब उजवीकडे कललेले, एकूण एक अठरा अंशांत. समोरून वारा सुटलेला असताना छत्री पुढे धरून लगबगीने चाललेल्या लठ्ठ माणसांची रांग डोळ्यांसमोर आणली की अक्षर कळते. कोणत्याही दुकानावर ते पाहिले की वाटते, या माणसाला काहीतरी फार महत्त्वाचे सांगायचे आहे आणि याची गाडी सुटणार आहे.

अठरा अंशांमागे काही शास्त्र नाही. बाविसाव्या वर्षी तिरप्यांनी बिस्किटांच्या डब्याचे झाकण कापून एक त्रिकोणी पट्टी केली. पंधरा अंशांची करायची होती, कात्री घसरली. घसरलेल्या कात्रीचे पुढे घराणे झाले. पट्टी फळ्यावर टेकवायची, खडूने कललेल्या रेघा ओढून घ्यायच्या आणि त्या रेघांमध्ये अक्षर बसवायचे, हीच त्यांची पद्धत. दुसरी पट्टी त्यांनी कधी केली नाही. गरजच पडली नाही, असे ते म्हणतात. गरज इतरांना पडली होती, पण त्यांना कोणी विचारले नाही.

पहिली पाटी सायकलवाल्याची. तिथे अक्षर शोभून दिसले, कारण सायकल धावते आणि अक्षरही धावत होते. मग समोरच्या शिंप्याला वाटले की सायकलवाल्याची गर्दी पाटीमुळे आहे. त्यालाही तेच हवे झाले. शिंप्याचे पाहून औषधवाल्याला, औषधवाल्याचे पाहून वकिलाला. दहा वर्षांत बाजारपेठेचा रस्ता एका बाजूला कलला. नवीन माणूस गावात आला की पहिले काही दिवस जरा डाव्या पायावर भार देऊन चालायचा. दातांच्या डॉक्टरने तेच अक्षर घेतले आणि रोगी दारातून परत फिरू लागले, कारण ‘दात’ हा शब्द असा अंगावर येणे कोणालाच नको असते. अंत्यसंस्काराचे सामान विकणाऱ्यानेही हौसेने घेतले. त्या पाटीखालून जाताना म्हाताऱ्या माणसांना आपल्याला कोणी घाई करत आहे असे वाटायचे. शाळेपुढे नगरपालिकेने ‘वाहने सावकाश चालवा’ असा फलक लावला तोही तिरप्यांच्याच हातचा. तो फलक वाचून एकही वाहन सावकाश गेल्याची नोंद नाही. उलट त्या पाटीच्या शेजारी रेस लावावीशी वाटते, असे दोघातिघा तरुणांनी पोलिसांना प्रामाणिकपणे सांगितले होते.

घरातल्या डब्यांवरही तेच अक्षर होते. बायको मात्र झाकण उघडून वास घ्यायची.

मग गावात चिकटकागद कापणारे यंत्र आले. ते आणले तिरप्यांच्या जावयाने. यंत्राची अक्षरे बारीक, सरळ, बूट नसलेली. पाच मिनिटांत कापायची, दहा मिनिटांत चिकटवायची. तिरप्यांचे मत स्पष्ट होते. “ती अक्षरं नाहीत, खिळे आहेत. एका रांगेत ठोकलेले.” खिळे गावाला आवडले. सायकलवाल्याचा मुलगा आधी फुटला, मग शिंपी, मग वकील. ज्या क्रमाने रस्ता कलला होता त्याच क्रमाने तो सरळ होत गेला. शेवटी तिरप्यांकडे काम उरले ते ट्रकच्या मागच्या फळ्यांचे. तेवढेच एक ठिकाण जिथे धावणाऱ्या अक्षराला खरोखर धावायला मिळते.

जावयाचे यंत्र एका बोळात, जिन्याखाली होते. तिरप्यांचे दुकान मोक्याच्या जागी, लांबट खोलीत. पुढचा भाग रस्त्यावर, मागचा भाग अंधारात. पुढच्या भागावरून घरात दोन वर्षे धुसफूस चालली होती. रुग्णालयाची नवी इमारत बांधून झाली, एकशे चाळीस पाट्यांचे काम निघाले आणि सासरा-जावई दोघांनीही अर्ज केला, तेव्हा मुलीनेच तोड काढली.

“काम ज्याला मिळेल, दुकानाचा पुढचा भाग त्याचा,” ती म्हणाली. “आणि मग दोघांनीही माझ्यासमोर हा विषय काढायचा नाही. जेवताना तर नाहीच नाही.”

दोघांनी मान हलवली. तिरप्यांनी जरा उशिरा हलवली.

रुग्णालयात निवड मेट्रनबाईंच्या हाती होती. बाईंची पाठ इतकी ताठ की त्या खुर्चीत बसल्या तरी उभ्या वाटायच्या. त्यांना सौंदर्याशी काही घेणेदेणे नव्हते. त्यांनी परीक्षा ठरवली. प्रत्येकाने तळमजल्यावर चार पाट्या एक आठवडा लावायच्या. चौकशीच्या खिडकीत बसणाऱ्या बाईने, रस्ता विचारायला जितके लोक येतील तितक्या रेघा वहीत ओढायच्या. पाटी चांगली असेल तर लोक विचारणार नाहीत. ज्याच्या रेघा कमी, त्याचे काम. जावयाचा आठवडा होऊन गेला होता. दिवसाला सरासरी नऊ रेघा. आता तिरप्यांचा आठवडा सुरू होत होता, शुक्रवारी निकाल.

सोमवारी आठ वाजता बाह्यरुग्ण विभाग उघडला. ‘औषधे’ आणि ‘रक्ततपासणी’ या पाट्यांना काही अडचण आली नाही. दोन्ही ठिकाणे उजवीकडे होती आणि लोक तिकडे जरा जास्तच वेगाने गेले, एवढेच. ‘बाह्यरुग्ण’ समोरच होते, ते चुकणे अवघड होते. प्रश्न चौथ्या पाटीचा होता. क्ष-किरण विभाग डावीकडे. पाटीवर बाण होता आणि तो डावीकडेच होता. पण तिरप्यांना बाण आवडत नाही. त्याला बूट घालता येत नाहीत. म्हणून तो त्यांनी कोपऱ्यात, लहानसा, उपचारापुरता काढला होता. त्याच्या वर हातभर उंचीचा एक अख्खा शब्द छाती पुढे काढून उजवीकडे धावत होता. दुखणाईत माणूस बाण शोधत बसत नाही. सगळे जिकडे चालले आहेत तिकडे तोही जातो. इथे अक्षरे चालली होती, त्यामागे माणसे गेली.

उजवीकडे व्हरांड्याच्या टोकाला धुलाईची खोली होती.

धुलाईच्या खोलीतला माणूस सकाळपासून चादरींच्या ढिगाऱ्यात बुडालेला. कोणी दारात आले की तो वर न पाहता म्हणायचा, “कपडे त्या टोपलीत टाका आणि बाजूला उभे राहा.” क्ष-किरणाच्या आधी कपडे काढावे लागतात हे सर्वांना माहीत असते. त्यामुळे कोणाला शंका आली नाही. दहाच्या सुमारास मेट्रनबाई फेरीवर आल्या तेव्हा सात पुरुष बनियनवर भिंतीला टेकून आपल्या नावाची वाट पाहत होते. त्यांत एक निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांचा सदरा तोवर उकळत्या पाण्यात गेला होता.

संध्याकाळपर्यंत खिडकीतल्या बाईच्या वहीत चौसष्ट रेघा झाल्या.

“चौसष्ट,” मेट्रनबाई म्हणाल्या.

“पहिला दिवस आहे, मॅडम,” तिरपे म्हणाले. “लोकांची नजर बसायला वेळ लागतो.”

“तुमच्या जावयाला नाही लागला.”

“त्याच्या पाटीवर नजर बसत नाही. घसरते. सरळ बाणावर जाते.”

“आम्हाला तेच हवं आहे,” बाई म्हणाल्या. “शुक्रवारपर्यंत रेघा नऊच्या आत आणा. नाहीतर उगाच मुक्काम वाढवू नका.”

घरी चहा घेताना जावयाने तोंडातून शब्द काढला नाही. त्याला ठरावाची आठवण होती. मुलगी खोलीतून बाहेर गेली तसा तो हळूच म्हणाला, “बाबा, मुख्याध्यापकांना माझा एक सदरा नेऊन दिला. मापाला जरा ढगळ झाला त्यांना.”

“जावईबापू,” तिरपे म्हणाले, “उपकार झाले. त्याच्या खिशावर आपलं नाव चिकटवलं नाहीत ना?”

“अहो, बाण मोठा करा ना सरळ,” बायको मध्येच म्हणाली. “एवढं काय त्यात?”

“बाण मोठा केला की अक्षर बारीक होतं.”

“मग होऊ दे की.”

तिरप्यांनी तिच्याकडे असे पाहिले की जणू तिने घराचा एक खांब काढायला सांगितला होता.

मंगळवारी ते दुकानातून हलले नाहीत. दुपारपर्यंत त्यांना रोग सापडला. निदान बरोबर होते, तेवढे श्रेय त्यांना द्यायला हवे. अक्षर उजवीकडे जाते आणि बाण डावीकडे, म्हणून माणूस गोंधळतो. दुसरा कोणीही इथून पुढे एक साधा विचार करून अक्षर सरळ करून मोकळा झाला असता. तिरप्यांच्या मनात सरळ हा पर्याय आलाच नाही. त्यांच्याकडे पट्टी एकच होती. त्यांनी ती उलटी केली.

उलट्या पट्टीने त्यांनी सगळ्या रेघा डावीकडे कलवल्या, पाऊल डावीकडे काढले, वेलांटीला मागे ओढले. दिवसभर खपून त्यांनी ‘क्ष-किरण’ पुन्हा रंगवले, अठरा अंश डावीकडे. संध्याकाळी बायको जेवायला बोलवायला आली आणि दारातच थबकली.

“हे काय, मागे पडतंय की हे.”

“मागे नाही. डावीकडे चाललंय.”

“चाललंय कुठं? समोर साप दिसल्यासारखं दचकलंय.”

“तुला लांबून बघायला हवं.”

ती रस्त्यापलीकडे गेली, वळली, बराच वेळ पाहत राहिली आणि तिथूनच ओरडून म्हणाली, “लांबून जास्त दचकलंय!”

बुधवारी सकाळी सात वाजता पाटी लागली. एकाच खिळ्यावर, मधोमध. टिनाच्या पाट्या ते नेहमी तशाच लावत. आठ वाजता लोक आले. पहिला अर्धा तास कोणी डावीकडे गेले नाही आणि उजवीकडेही गेले नाही. लोक पाटीपुढे थांबत, मान डाव्या खांद्यावर टाकत आणि वाचत. मागून येणारे त्यांच्यावर आदळत. स्ट्रेचर ढकलणारा हमाल दोनदा थांबला, तिसऱ्यांदा त्याचा संयम सुटला. त्याला वाटले, पाटी वाकडी लटकते आहे. एका खिळ्यावरची पाटी हलते, यात नवल काही नाही. स्ट्रेचर बाजूला लावून तो स्टुलावर चढला आणि अक्षरे सरळ उभी दिसेपर्यंत त्याने पाटी फिरवली. मग पुन्हा हलू नये म्हणून खिशातून चिकटपट्टी काढून कोपरे भिंतीला डकवले. काम चोख झाले. आता अक्षरे सरळ होती आणि पाटी तिरपी. बाणाचे टोक डावीकडे होते ते डावीकडे वर गेले. डावीकडे दहा पावलांवर जिना होता.

त्यानंतर चौकशीच्या खिडकीकडे लोक यायचे थांबले.

तिरपे खिडकीशेजारच्या बाकावर बसून होते. व्हरांड्याचा वळसा असल्यामुळे तिथून पाटी दिसत नव्हती, वही दिसत होती. नऊ वाजता दोन रेघा, दहा वाजता तीन. साडेअकराला चौथी, तीही शौचालय कुठे आहे हे विचारणाऱ्या माणसाची.

“ही धरायची का?” खिडकीतल्या बाईने विचारले.

“धरा, धरा,” तिरपे म्हणाले. “कुणी म्हणायला नको, मोजणीत लबाडी केली.”

“सोमवारी माझा घसा बसला होता हो. आज जिवाला कसं थंड वाटतंय.”

“अक्षर बोलतंय ना आता. तुम्हाला बोलायची गरज नाही.”

त्याच सुमारास रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष नवी इमारत पाहायला आले होते. दारातली ‘बाह्यरुग्ण’ ही पाटी पाहून ते थांबले. “अक्षरात वजन आहे,” ते म्हणाले. ते स्वतःही वजनदार होते. पाटी काय सांगते याकडे त्यांचे लक्ष नव्हते. त्यांना कधी बाह्यरुग्ण विभागात जावे लागले नव्हते. तिरप्यांनी हे वाक्य ऐकले, बाकावरून उठून नमस्कार केला आणि घरी निरोप पाठवला की संध्याकाळी दुकानाचा पुढचा भाग झाडून ठेवा.

वरच्या मजल्यावर शस्त्रक्रिया विभाग आहे. एक वाजता तिथल्या परिचारिकेने मेट्रनबाईंना फोन करून विचारले की आज खालून इतकी माणसे वर का पाठवली आहेत. मेट्रनबाई वर गेल्या. बाकांवर, पायऱ्यांवर, खिडकीच्या कठड्यावर मिळून एकतीस माणसे बसली होती. कोणाचा हात झोळीत, कोणाचे बोट फळीला बांधलेले. सहा जणांचे पाय मोडल्याचा संशय होता. ते सहाही जण बावीस पायऱ्या चढून आले होते. एक जण बसून, मागे सरकत.

“तुम्ही वर कसे आलात?” बाईंनी त्याला विचारले.

“पाटीवर वर दाखवलंय ना,” तो म्हणाला. “म्हटलं, पाय मोडलेल्यांना वर बोलावतात म्हणजे काहीतरी तपासणीच असेल.”

मेट्रनबाई खाली आल्या, पाटीसमोर उभ्या राहिल्या आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच त्यांनी मान वाकडी केली.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला त्यांनी तिरप्यांना आणि जावयाला आपल्या खोलीत बोलावले. हमालही होता. वही टेबलावर उघडी होती.

“बुधवारी पाटी उतरवली तोवर चार रेघा,” बाई म्हणाल्या.

“तेच सांगतोय, मॅडम,” तिरपे म्हणाले. “चार. यांच्या नऊ.”

“आणि एकतीस जण वरच्या मजल्यावर.”

“पण विचारलं कुणीच नाही. विश्वास होता त्यांचा पाटीवर.”

हमालाला हसू आवरेना. त्याने खोकून घेतले.

“पाटी फिरवली ती ह्यानं,” तिरप्यांनी त्याच्याकडे बोट केले. “माझा बाण डावीकडेच होता.”

“अहो, अक्षरं पडत होती, मी उभी केली,” हमाल म्हणाला. “मला काय माहीत मुद्दाम पाडलीत ते? उपकार केला तर वर मलाच बोलणी.”

“एवढी वर्षं काम करतोय. कुणी माझी पाटी सरळ केली नव्हती.”

“धावत्या ट्रकवरची पाटी कोण सरळ करणार?” हमाल म्हणाला.

मेट्रनबाईंनी वही मिटली. “तिरपे, तुमचं अक्षर वाईट आहे असं मी म्हणत नाही. माझ्या सायकलवरसुद्धा तेच होतं. पण इथं येणाऱ्या माणसाला आधीच काही सुचत नसतं. त्याला रस्ता सांगायचा असतो. तुमचं अक्षर रस्ता सांगत नाही, स्वतः चालायला लागतं. एकशे चाळीस पाट्या तुमच्या जावयाला.”

तिरप्यांनी खिशातून त्रिकोणी पट्टी काढली, उगाचच टेबलाच्या कडेला लावून पाहिली आणि परत खिशात ठेवली. जावई खिडकीबाहेर पाहत राहिला. त्याला आनंद झाला होता आणि तो कुठे ठेवावा हे कळत नव्हते.

“थांबा, अजून झालं नाही,” बाई म्हणाल्या. “अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. मोठ्या दाराच्या आत जी भिंत आहे, तिच्यावर देणगीदारांची नावं लिहायची आहेत. दोनशे बारा. त्यांना तुमचंच अक्षर हवं आहे. जाड, तिरपं, बुटांसकट. असं लिहिलंय त्यांनी, बुटांसकट. तुम्ही सांगितलं वाटतं त्यांना.”

“विचारलं त्यांनी,” तिरपे म्हणाले.

“मी एकच विचारते. ती नावं वाचून कुणाला कुठं जायचं नाही ना?”

“नाही, मॅडम. ती वाचायचीही नसतात.”

“मग लिहा.”

जावयाला आता कंठ फुटला. “बाबा, शेवटी एखादा बाण हवा असला तर सांगा. कापून देतो.”

“देणगीदारांना बाण लागत नाही, जावईबापू,” तिरपे म्हणाले. “ते आधीच पोचलेले असतात.”

शनिवारी चार माणसांनी यंत्र बोळातून उचलून दुकानाच्या पुढच्या भागात आणून ठेवले. मुलीने दोघांच्या मध्ये पडदा लावला. तिरप्यांचे डबे, कुंचले आणि टर्पेंटाइन मागच्या अंधारात गेले. तिरप्यांनी अट पाळली, विषय काढला नाही. फक्त पहिल्या दिवशी यंत्राचा आवाज ऐकून बायकोला म्हणाले, “उंदीर झालेत बघ पुढच्या खोलीत.”

“मोठे झालेत,” ती म्हणाली. “घर चालवतायत.”

देणगीदारांच्या भिंतीचे काम जोरात आहे. त्या अक्षराला अखेर योग्य मजकूर सापडला, असे म्हणावे लागते. तिथे एकेका नावाची छाती पुढे आहे, वेलांट्या उडत आहेत, बूट चकाकत आहेत आणि कोणालाही काही कळण्याची गरज नाही. देणगीदार सहकुटुंब येतात, आपल्या नावाखाली उभे राहून फोटो काढतात आणि जाताना शेजारचे नाव आपल्यापेक्षा जाड का, असे विचारतात. तिरपे त्यांना सांगतात की त्या नावातच अक्षरे जाड आहेत. हे त्यांना पटते. आठव्या आणि नवव्या देणगीदारांत मात्र वाद झाला, कारण आठव्याच्या शेवटच्या अक्षराचा बूट नवव्याच्या पहिल्या अक्षरावर पडत होता. दोघेही सिमेंटचे व्यापारी निघाले. नवव्याला एक बोट पुढे सरकवल्यावर प्रकरण मिटले. रुग्ण मात्र भिंतीकडे पाहत नाहीत. ते दारातून येतात, सरळ, बारीक, अनवाणी अक्षरातला बाण पाहतात आणि डावीकडे वळून क्ष-किरण विभागात जातात. चौकशीच्या खिडकीत दिवसाला सात रेघा पडतात.

रुग्णालयात उंच शिडी एकच आहे आणि ती सासरा-जावई दोघांनाही लागते. मेट्रनबाईंनी वेळ लेखी ठरवून दिली आहे. उद्या सकाळी सात ते नऊ ती तिरप्यांकडे असेल, नावे सतरा ते वीस. नऊ वाजता हमाल ती दुसऱ्या मजल्यावर नेऊन जावयाला देईल. त्याला तिथे सहा पाट्या लावायच्या आहेत.